शनिवारची मूठ

"एका म्हातारीला मी कौतुक करून मारलं," असं बाई सांगायच्या. शेवटची चार वर्षं कुणीही नवा माणूस दारात आला, की नाव-गाव विचारून झालं, पाणी देऊन झालं, की लगेच हे. गॅसची टाकी घेऊन आलेला एक तरणा गडी टाकी खांद्यावर तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला होता. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, म्हातारपण आहे, चालायचंच. ते खोटं होतं. बाईंचं डोकं शेवटपर्यंत माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं आणि त्या सांगत होत्या ते खरं होतं. त्यात थोडा वाटा माझाही होता, पण मी तो कुणाला सांगत नव्हते.

मी वसमतला आले ती हट्ट्याकडच्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून. माझं गाव जालन्याकडे, इथे ओळखीचं कुणी नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, आपल्या मंडळीत एक रिटायर शिक्षिका आहेत, खोली देतात, पण त्यांच्याकडे भाडेकरू टिकत नाही. माझ्याआधी तिघी पळाल्या होत्या. बाईंनी मला अंगणात उभं करून तीन प्रश्न विचारले. मटण करतेस का, घोरतेस का, प्रार्थना करतेस का. मी खरं ते सांगितलं. करते, घोरते, कधीमधी. बाई म्हणाल्या, "पयल्या दोन्ही चालतात. तिसरीचं मी बघते." आणि पुढची अकरा वर्षं त्यांनी ते बघितलं.

बाई उंच, हडकुळ्या. पांढरं सुती पातळ आणि मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, ते सारखं कोपरापर्यंत घसरायचं. नवरा लग्नानंतर सहा वर्षांत गेला होता, मूलबाळ नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवल्यामुळे अर्ध्या तालुक्याचे कान त्यांनी पिळलेले. एसटीत त्या चढल्या की कंडक्टर उठून उभा राहायचा, तोही त्यांचाच विद्यार्थी. शाळेत त्या पुस्तकासारखं बोलायच्या म्हणे. घरी मात्र आईची भाषा.

पहाटे पाचला त्यांची प्रार्थना सुरू व्हायची, आणि ती मनातल्या मनात नसायची. हेडमास्तरीण शिपायाला कामं सांगते तशा त्या देवाला कामं सांगायच्या. कालचं काय झालं, अमक्याच्या पोराच्या नोकरीचं अजून का झालं नाही, तमकीच्या गर्भाशयाची गाठ किती दिवस तशीच ठेवणार. भिंत वीतभर, तीही विटांची. पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही असं आम्हा नर्सना शिकवतात, पण आमच्या गल्लीत कुणाला काय दुखणं आहे ते साडेपाचपर्यंत सगळ्यांना कळलेलं असायचं. एक बाई एकदा माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, बाईला सांगू नका. त्या देवाला सांगत्यात."

भीक मागायला कुणी आलं तर बाई रिकाम्या हाताने पाठवत नसत आणि फुकटही देत नसत. अंगणातलं गाजरगवताचं एक रोप उपटायचं, मगच भाकरी मिळायची. एक लंगडा म्हातारा यायचा, त्याला वाकता येत नव्हतं. त्याला गाणं म्हणावं लागायचं. आमच्या अंगणात अकरा वर्षांत गाजरगवत वाढलं नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, बाई, उपाशी माणसाला कामाला काय लावता. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं बोलणं गिळलं.

"फुकटचं घेतलं न्हाईस न कदी? मग तुला काय ठाव. माझ्या मायनं घेतलंय."

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना मिशनकडून दुधाची पावडर आणि गहू वाटायचे. आई त्यांना कडेवर घेऊन रांगेत उभी राहायची. गावातल्या बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, हे पावडर पिऊन झालेले किरिस्ताव. वडील उपदेशक होते, पायी गावोगाव फिरायचे, त्यांना कुणी तोंडावर बोलत नसे. बोलायचे ते आईला. ते ऐकून ऐकून आईने एक दिवस पावडरचा डबा अंगणात ओतला आणि त्या दिवसापासून घरात मूठ सुरू केली. आमी घेणारे न्हाई, देणारे हाव, असं ती म्हणायची. बाईंचा सगळा धर्म या एका वाक्यात होता. शास्त्र, म्हणजे बायबल, त्या रोज वाचायच्या, पण ते त्या आईच्या चष्म्यातून वाचत असाव्यात असं मला वाटायचं.

मूठ म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांतली जुनी रीत. चूल पेटवायच्या आधी घरच्या बाईने धान्याची एक मूठ बाजूला एका गाडग्यात टाकायची, गरिबांसाठी. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठवड्याच्या चौदा मुठी. बहुतेक ठिकाणी ही रीत आता मोडली, लोक रविवारी पाकीट टाकतात आणि मोकळे होतात. वसमतला ती बाईंमुळे टिकली. मंडळी तरी किती, सतरा-अठरा घरं. दर शनिवारी दुपारी बाई छत्री आणि कापडी पिशवी घेऊन निघायच्या आणि घरोघरची गाडगी त्या एकाच पिशवीत रिकामी करायच्या. ज्वारी, गहू, तांदूळ, कुणाची हरभऱ्याची डाळ, सगळं एकात एक. वेगवेगळ्या पिशव्या घ्या म्हणून मी सांगून थकले. त्या म्हणायच्या, कुणाची मूठ कोणती ते कुणाला कळता कामा नये. ते मिश्र धान्य आमच्या गल्लीच्या तोंडावरचे गिरणीवाले चाचा फुकट दळून द्यायचे आणि दळताना दरवेळी कपाळावर हात मारायचे. त्या पिठाची भाकरी थापताना फाटायची. ज्यांच्या घरी ते पीठ जायचं ते तिला बाईची भाकरी म्हणायचे, आणि फार प्रेमाने म्हणत नसावेत.

बाईंचा एक नियम होता. घर एकतर देणारं, नाहीतर घेणारं. घेणारी सहा-सात घरं होती, त्यात आमच्या मंडळीबाहेरचीही होती, दोन बौद्ध घरं, एक मुसलमान विधवा. जात-धर्म बाई बघत नसत. पण देणाऱ्या घरात त्या पिठाची पिशवी कधी न्यायच्या नाहीत. गरिबाला दिल्याने त्याचं देणं हिरावून घेतल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला मला ते बरोबर वाटायचं. रविवारी बाजेवर बसून चहा पिताना असल्या गोष्टी बरोबरच वाटतात.

साखऱ्याची म्हातारी देणाऱ्यांतली होती. तिला सगळे गावाच्या नावानेच ओळखायचे. सेनगावकडच्या साखऱ्याहून ती नवऱ्याबरोबर हळदीच्या कामाला वसमतला आली होती आणि नवरा गेल्यावर इथेच राहिली. हळदीच्या गोदामामागे पत्र्याची खोली, सोबतीला कुणी नाही. हळद निवडून निवडून तिची बोटं पिवळी झालेली, आणि टोकं घासून इतकी गुळगुळीत की हातात हात घेतला तर साबणाची वडी धरल्यासारखं वाटायचं. उपासनेला ती शेवटच्या सतरंजीवर बसायची आणि गाणी सुरू झाली की सगळ्यांच्या मागून एक ओळ उशिरा म्हणायची.

तिचं गाडगं कधी कमी भरलं नाही. बंगलेवाल्यांच्या घरी बाईंना चौदाऐवजी आठ मुठी मिळायच्या, वर बहाणे मिळायचे. म्हातारीच्या घरी चौदा म्हणजे चौदा. बाई तिच्यावर खूश होत्या, आणि बाई खूश झाल्या की त्यांना ते कुणालातरी सांगितल्याशिवाय करमत नसे. एका रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने काय केलं ते उठून सांगायच्या वेळी, त्या उठल्या आणि म्हातारीला पुढे बोलावलं. तिचं पूर्ण नाव घेतलं. मंदिराच्या पेटीत आपल्याजवळची शेवटची दोन नाणी टाकणाऱ्या शास्त्रातल्या विधवेची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, ती विधवा आपल्या वसमतला राहते, बघून घ्या. म्हातारीने पदर तोंडात धरला होता. उपासना झाल्यावर लोकांनी रांग लावून तिला हात मिळवले. एका पोराने गाडगं तिच्या हातात देऊन फोटो काढला आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली हात जोडल्याची चित्रं रात्रीपर्यंत येत होती. एक मीही टाकलं.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी तिचं रेशन बंद झालं. हे आम्हाला सगळं संपल्यावर कळलं. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवावा लागतो, आणि तिच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. दुकानदाराने तिला आधार दुरुस्त करून आणायला सांगितलं. ती दोनदा गेली, तिथल्या मशीननेही तिला ओळखलं नाही. तिसऱ्यांदा ती गेली नाही. हळदीच्या कामावरून तिला आधीच कमी केलं होतं, नजर गेली म्हणून. ती पहाटे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायची. पोती उतरवताना सांडलेलं धान्य झाडून आणायची. त्यावर जगायची. आणि त्यातल्या चौदा मुठी आधी गाडग्यात टाकायची. चूल पेटो न पेटो, मूठ पडायची.

आम्हाला कळायला हवं होतं. तीन वेळा तर आमच्या नाकासमोर आलं.

पहिल्यांदा तिच्या धान्यात खडे आणि काड्या यायला लागल्या. बाईंनी ते तिच्या दारातच पिशवीत हात घालून बघितलं आणि शिक्षिकेचा आवाज काढला. "मावशी, हे काय? देवाला द्यायचं ते निवडून द्यावं मानसानं." म्हातारी म्हणाली, "चुकलं, बाई." पुढच्या शनिवारी धान्य आरशासारखं लख्ख. बाई घरी येऊन मला समाधानाने म्हणाल्या, "सांगितलं की आयकत्यात लोक." त्या कमी नजरेने तिने ते कसं निवडलं असेल, हा विचार आम्हा दोघींनाही शिवला नाही.

दुसऱ्यांदा ती घरी माझ्याकडे आली. चक्कर येते म्हणाली. मी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, पांढरीफटक. रक्तवाढीच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या दिल्या आणि आम्ही दिवसातून पन्नास वेळा म्हणतो ते म्हटलं. जेवल्यावर घ्या, रिकाम्या पोटी घेऊ नका.

तिने विचारलं, "जेवल्यावरच घ्यायची का, नर्सबाई?"

"हो, जेवल्यावरच. नाहीतर मळमळतं."

"बरं," ती म्हणाली आणि पट्ट्या पदराला बांधून गेली. नर्स म्हणून माझी तेव्हा पंधरा वर्षं नोकरी झाली होती. असा प्रश्न माणूस का विचारतो ते मला कळायला हवं होतं. पण मला त्या दिवशी हट्ट्याला लसीकरणाला जायचं होतं आणि बस सुटत होती.

तिसऱ्यांदा गिरणीवाले चाचा बोलले. "सिस्टर, वो साखरेवाली माँ दिखतीच नै आजकल. दो-तीन महिने से दळनच नै लाई." गिरणीवाल्याला गावातल्या चुली सगळ्यांच्या आधी कळतात. मी घरी येऊन बाईंना सांगितलं. बाई हसल्या. "दात कुठं हाईत तिला भाकरी खायला? भात खात असंल." तेही मला पटलं.

मग तो शनिवार आला. उन्हाळा नुकता लागला होता आणि म्हातारी दोन रविवार उपासनेला आली नव्हती. मला सुटी होती म्हणून मी बाईंबरोबर निघाले. इतर घरं करून आम्ही शेवटी तिच्याकडे गेलो. पिशवी एव्हाना निम्मी भरली होती. दार उघडंच होतं. म्हातारी पोत्यावर आडवी होती. आम्हाला बघून उठायला लागली, पण कोपरावर तोल राहिना.

"सलाम, बाई. मूठ भरून ठिवली हाय," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या गाडग्याकडे हात केला.

बाईंनी गाडगं उचललं आणि पिशवीत ओतलं. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. पस्तीस-चाळीस वर्षं दर शनिवारी गाडगं दिसलं की त्यांचा हात हेच करायचा. मी म्हातारीची नाडी बघितली आणि तिला पाणी द्यायला म्हणून भांडं शोधायला लागले. एक डबा उघडला, त्यात मीठ. दुसऱ्यात दोन वाळक्या मिरच्या. तिसरा रिकामा, आणि तो आजचा रिकामा नव्हता, कधीचाच घासून पालथा घातलेला. चुलीत राख नव्हती. चुलीच्या वरच्या फळीवर माझ्या चार पट्ट्या होत्या, एकावर एक नीट ठेवलेल्या. एकही गोळी काढलेली नव्हती. ती जेवायची वाट बघत होती.

मी म्हटलं, "बाई, इकडे बघा."

बाईंनी डब्यांकडे बघितलं, चुलीकडे बघितलं. मग त्यांनी खाली बसून पिशवीत हात घातला आणि म्हातारीची ज्वारी परत काढायला लागल्या. पण ती ज्वारी बाकी सगळ्या घरांच्या ज्वारीत, गव्हात, तांदळात मिसळली होती. त्या एक-एक दाणा बोटांनी उचलून गाडग्यात टाकायला लागल्या. मला वाटलं त्यांना भ्रम झाला. मी ओरडले, "बाई, ते राहू द्या, रिक्षा बघा." तेव्हा त्या उठल्या. त्या धावत गोदामापर्यंत गेल्या. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं. त्या बाहेर होत्या तेवढ्यात मी फळीवरच्या पट्ट्या उचलून माझ्या पर्समध्ये टाकल्या.

सरकारी दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. पण फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर एकदम परत फिरत नाही, हे मला ठाऊक होतं. बाई तीन दिवस तिच्या पलंगापाशी स्टुलावर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीला जरा हुशारी आली तेव्हा बाईंनी विचारलं.

"काहून सांगितलं न्हाई मला? मी काय परकी हाय?"

म्हातारीने मोकळ्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुमी मानसांत माझं नाव घेतलं व्हतं, बाई. जल्मात कुनी माझं नाव असं घेतलं न्हवतं. मालकानं सुदिक न्हाई." आणि पुढे, "मग आता कसं म्हनू, की मलाच द्या म्हून."

"मी मेले असते का तुला दिलं असतं तर?"

"तुमी न्हाई. मी मेले असते," म्हातारी म्हणाली. ती हसत होती की काय ते मला नीट कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दफनाला मंडळीतली बरीच माणसं आली. पाळकसाहेब तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, पण हाताशी तयार उदाहरण असलं की त्यांना ते सोडवत नाही. त्यांनी शवपेटीजवळ उभं राहून तीच गोष्ट काढली, मंदिरातली विधवा आणि तिची दोन नाणी. म्हणाले, आपल्या या बहिणीने शेवटच्या श्वासापर्यंत दिलं, असं अर्पण आपल्याला जमेल का. दोन-तीन बायांनी डोळे पुसले. कुणीतरी मागून आमेन म्हटलं.

बाई पुढे आल्या. हातात छत्री होती, ती त्यांनी जमिनीवर टेकवली.

"थांबा, पाळकसाहेब. ती भुकी व्हती."

पाळकसाहेब थांबले.

"अर्पन न्हवतं ते. तिला भूक लागली व्हती अन् आमी तिच्या घरून धान्य उचलून नेत व्हतो. मी नेत व्हते. तेवढं म्हना, अन् मग माती द्या."

कबरस्तानाच्या भिंतीपलीकडून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पुष्कळ वेळ ऐकू येत राहिला. मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, बाईंना फार दुःख झालेलं आहे, आपण त्यांच्यासाठीही प्रार्थना करू. आणि त्यांनी गाणं सुरू केलं. सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण गाणं सुरू असेपर्यंत बाईंना पुढे बोलता येणार नव्हतं आणि माझ्या पर्समध्ये त्या पट्ट्या अजून तशाच होत्या. माती देताना बाईंनी तीन मुठी टाकायच्या त्या टाकल्या नाहीत. हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

त्या शनिवारपासून बाईंनी मूठ बंद केली. पण फिरणं बंद केलं नाही. पिशवी घरी ठेवून त्या त्याच वेळेला, त्याच घरांना जायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून डब्यांची झाकणं उघडून बघायच्या. देणारं घर, घेणारं घर, बंगला, झोपडी, काही बघत नसत. पीठ किती, डाळ किती, भाकरी कधी केली, ती कुठाय, दाखव. लोकांना ते कसं आवडणार. आमच्या मंडळीतल्या एका तहसीलवाल्यांच्या बायकोने तोंडावर विचारलं, "बाई, सीबीआयमधी लागल्या का काय?" दुसऱ्या एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या सासूसमोर त्यांनी माझ्या तेलाच्या डब्यात बोट घालून बघितलं. मी दोघींची माफी मागितली. बाईंना मी काय सांगणार. वर्षभरात सात-आठ घरांनी त्यांना दार उघडणं सोडलं. शनिवारी दुपारी कड्या लागायच्या आणि आतून टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. बाई दाराशी पाच मिनिटं उभ्या राहायच्या, घड्याळ कोपरावरून खाली ओढायच्या आणि पुढच्या घरी जायच्या.

मंडळीच्या पंचकमिटीने मूठ पुन्हा सुरू केली, यावेळी प्लास्टिकचे डबे आणि वेगवेगळ्या पिशव्या घेऊन. व्यवस्थित चालली. बाईंना कुणी बोलावलं नाही. त्या मात्र त्या झाकणांच्या भानगडीत एका बौद्ध घरातला म्हातारा आणि गिरणीजवळची एक बाळंतीण शोधून आल्या होत्या, दोघांच्याही घरात चूल थंड. त्या दोघांना बाईंनी स्वतःच्या ताटातलं दिलं, त्यांच्या घरी बसून, त्यांच्याबरोबर जेवून. गाजरगवत उपटायला लावलं नाही. हे बघितल्यावर मी त्यांना विचारलं होतं, नियम सोडला का. "नियम मायचा व्हता. भूक म्हातारीची व्हती," एवढंच म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.

पहाटेची प्रार्थना चालू राहिली, पण आवाज गेला. भिंतीपलीकडून मला नुसतं पुटपुटणं ऐकू यायचं. देवाला कामं सांगणं संपलं होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बरं झालं, आता आमची दुखणी आमच्याजवळ राहतात. मला मात्र तो आवाज नसल्याची सवय शेवटपर्यंत झाली नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आम्ही उपासनेत सगळे मिळून म्हणतो. त्यात रोजच्या भाकरीचं मागणं येतं. त्या ओळीला बाईंचं तोंड मिटलेलं असायचं. त्या आधीचं सगळं म्हणायच्या, नंतरचं सगळं म्हणायच्या. ती एक ओळ सोडून द्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं खोकला आला असेल. मग मी दर रविवारी बघायला लागले. चार वर्षांत त्यांनी ती ओळ एकदाही म्हटली नाही.

शेवटच्या आजारात त्या महिनाभर खाटेवर होत्या. मी रजा काढून घरी राहिले, दुसरं होतं कोण त्यांना. संध्याकाळी मी त्यांना पेज भरवायची आणि मग आम्ही दोघी मिळून प्रार्थना म्हणायचो. शेवटच्या संध्याकाळीही त्यांचे ओठ हलत होते आणि भाकरीपाशी मिटले. मी थांबले. एकटीने पुढे म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी विचारलंच.

"बाई, एवढी ओळ का सोडता? देवावर राग आहे का?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याच्यावर कशाचा राग, पोरी. म्हातारी रोज भाकर मागत व्हती. त्यानं दिली व्हती तिला. रोज दिली व्हती. ती माझ्या पिशवीत व्हती."

मला वाटलं, आता सांगावं. त्या फळीबद्दल, त्या चार पट्ट्यांबद्दल, जेवल्यावरच घ्यायची का या प्रश्नाबद्दल. निदान त्यांना तरी वाटलं असतं की त्या एकट्या नाहीत. त्या चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला, गॅसवाल्याला, पोस्टमनला सांगत होत्या, आणि मी पलीकडच्या खोलीत राहून कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते, पण त्या जाग्या होत्या. त्या माझ्या बोलण्याची वाट बघत असाव्यात असंही मला वाटलं.

वाटीत थोडी पेज उरली होती. मी वाटी उचलली आणि धुवायला घेऊन गेले. परवा सकाळी त्या गेल्या.